समजा, नळाला पाणी आहे

नर्सिंग कॉलेजच्या प्रत्येक मुलीकडे एक फाइल असते. शाळेत आरोग्यावर बोलायचं असेल तर त्या फाइलमध्ये आधी एक तक्ता आखावा लागतो. वेळ, उद्दिष्ट, आशय, शिकवणारीची कृती, विद्यार्थ्यांची कृती, साधनं आणि शेवटी मूल्यमापन. हा तक्ता आदल्या रात्री होस्टेलवर, पट्टी लावून, दोन रंगांच्या पेनांनी भरतात. 'विद्यार्थ्यांची कृती' या रकान्यात लिहिलेलं असतं, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' त्याखाली, 'विद्यार्थी शंका विचारतात व त्यांचे निरसन होते.' आणि मूल्यमापनात, 'विद्यार्थ्यांनी अचूक उत्तरे दिली.' चक्क भूतकाळात. त्या वेळी ते लक्षपूर्वक ऐकणारे विद्यार्थी आपापल्या वाडी-वस्तीवर गाढ झोपलेले असतात आणि उद्या आपण अचूक उत्तरं देणार आहोत याची त्यांना गंधवार्ता नसते.

आमच्या हायस्कूलच्या समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. या पदाला काम असं काही नाही. व्यासपीठावर मान्यवरांची एक खुर्ची रिकामी दिसू लागली की मला बोलावणं येतं. त्यामुळे शाळेत येणारे सगळे कार्यक्रम मी समोरून पाहतो, म्हणजे मुलांचे चेहरे मला दिसतात. बोलणाऱ्याला ते दिसत नाहीत. तो कागदात बघत असतो. शाळा पाथर्डीकडची आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे एका किल्लीचा विषय निघणार आहे.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. कागदोपत्री आता अहिल्यानगर. एसटीत मात्र 'एक नगर' म्हटलं की अजून तिकीट मिळतं. चौदा तालुके, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध पाण्यावरून. उत्तरेला भंडारदरा, प्रवरा, कालवे, आणि लोणीला विठ्ठलराव विख्यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड; इकडे टँकर आणि ऊसतोडीच्या टोळ्या. ऊस एका टोकाला आणि तो तोडणारे दुसऱ्या टोकाला, अशी निसर्गाने आणि राजकारणाने मिळून वाटणी केलेली. नर्सिंगची कॉलेजं लोणीला आहेत, विळद घाटात आहेत, खुद्द नगरात बूथ हॉस्पिटल आहे. मुली मात्र सगळ्या तालुक्यांतल्या. समाज आरोग्य परिचर्या हा त्यांचा विषय असतो आणि त्यात शाळेत जाऊन आरोग्य शिक्षण देणं अभ्यासक्रमातच आहे. म्हणून दरवर्षी थंडीत एक पांढरी बस आमच्या शाळेच्या फाटकात येऊन उभी राहते.

बसमधून पहिल्यांदा उतरतो तो बॅनर. मग त्यांच्या मॅडम, मग मुली, मग चार्टच्या गुंडाळ्या, आणि शेवटी एकुलता एक मुलगा. नर्सिंगला आता मुलंही जातात. या मुलाचं आमच्याकडे फार अवघड होऊन बसतं. मुख्याध्यापक सगळ्या मुलींना 'या सिस्टर' म्हणतात आणि त्याच्याकडे वळून, आवाज बदलून, 'या डॉक्टर.' तो बिचारा 'सर, मीपण नर्सिंगलाच,' असं सांगतो. सर म्हणतात, 'हो हो, होशील रे, होशील.' पुढे दिवसभर हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळे आपापल्या गुडघ्यांची आणि ॲसिडिटीची तक्रार घेऊन त्याच्याकडेच जातात. मुलींपैकी दोघी चौथ्या वर्षाला आहेत आणि हा दुसऱ्या, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मग बॅनरपुढे फोटो. हल्ली फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटावे लागतात, नाहीतर कार्यक्रम झाला असं वरचे लोक मानत नाहीत. पहिल्या फोटोत ठिकाण शेजारच्या तालुक्यातलं आलं. सगळे चार पावलं सरकून पुन्हा उभे राहिले. तिसऱ्या फोटोला आम्ही सरकारदरबारी आमच्याच गावात पोचलो.

प्रतिमापूजन झालं. सरस्वती आणि सावित्रीबाई. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना पुढच्या बाबींची घाई होती, पण या दुसऱ्या फोटोपाशी मी जरा रेंगाळलो. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच नगरात, मिस फरारबाईंच्या शाळेत. आणि १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करता करता, एका प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणल्यावर, त्याच रोगाने त्या गेल्या. शाळा आणि नर्सिंग यांच्या संयुक्त उपक्रमासाठी याहून योग्य फोटो महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही. तिथे आलेल्या कुणाही मुलीला हे सांगितलं असतं तर तिने ते फाइलमध्ये लिहून घेतलं असतं. पण तेवढ्यात 'यानंतर मान्यवरांचा सत्कार' अशी घोषणा झाली आणि माझ्या हातात गुलाबपुष्प आलं. सत्काराला पस्तीस मिनिटं लागली. आरोग्याला वीस मिनिटं ठेवली होती, त्यातली पाच माइकने खाल्ली.

पहिला विषय हात धुणे. बोलणारी मुलगी शेवगावकडची, अंगाने बारकी, आवाज मात्र खणखणीत. हात धुण्याच्या पायऱ्या तिला तोंडपाठ. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मुठी, अंगठे, नखं, मनगटं. तिने साबण आणला होता, टॉवेल आणला होता. प्रात्यक्षिकासाठी सगळ्यांना हौदापाशी नेलं आणि नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. शिपाई लांबूनच म्हणाला, 'ताई, परवापासून नाही. टँकर उद्याला.'

ती क्षणभर थांबली. तिच्या मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, कारण मार्क त्यांच्या हातात. मग तिने बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, 'समजा, नळाला पाणी आहे.'

आमच्या मुलांना समजण्याची सवय आहे. गणितात 'समजा, क्ष रुपये आहेत' म्हटलं की ती कधी 'कुठे आहेत?' असं विचारत नाहीत. दोनशे पोरांनी कोरड्या हौदाभोवती उभं राहून हवेत हात धुतले. तळवे, मुठी, अंगठे, मनगटं, सगळं एका तालात. काहींनी तर शेवटी हात झटकून शेजारच्याच्या अंगावर पाणी उडवलं आणि शेजारच्याने तोंड चुकवलं. मी इतकी वर्षं कार्यक्रम पाहतोय, पण एवढं शिस्तबद्ध स्नेहसंमेलन झालं नव्हतं. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. अकरा वाजता खिचडीची सुट्टी झाली आणि तीच पोरं, तेच हात चड्डीला पुसून, ताटं घेऊन रांगेत उभी राहिली.

नर्सिंगच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल हमखास असतात. हातातल्या दिव्यासकट. त्यांचा जन्मदिवस १२ मे, तो परिचारिका दिन. पण या बाई हिंदुस्थानात एकदाही न येता दशकानुदशकं इथल्या पाण्यावर, गटारांवर आणि कालव्यांवर लिहीत राहिल्या, हे चार्टवर नसतं. दिवा काढायला सोपा, कालवा काढायला अवघड. चार्टवरही आणि जिल्ह्यातही.

पाण्याचा हा धडा आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी होऊन गेला आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले. लोक म्हणाले, औषधाचं नंतर बघू, आधी पाणी. बहात्तरचा दुष्काळ पडला. 'समजा, पाणी आहे' असं म्हणायची सोय नव्हती. दवाखाना चालवणाऱ्या माणसांनी बोअर घेतल्या, आणि त्यातल्या कित्येक दलित वस्तीत पडतील असं पाहिलं. पाणी पाहिजे तर मग चला तिकडे. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा हंडा बरा काम करतो, हे त्यांना दिसलं होतं.

त्याहून गमतीचं पुढे आहे. आरोळ्यांनी गावोगाव पाठवल्या त्या आधी शिकलेल्या नर्सच. जमलं नाही. गावाचा हिशेब सरळ होता. ही पोर परगावची, हिचं अजून लग्न नाही, आणि ही आमच्या सुनांना बाळंतपण शिकवणार? तिलाही एकटीने खेड्यात राहणं नको वाटे. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी शाळेची पायरीही न चढलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन सांगायच्या. लोक ऐकू लागले, कारण सांगणारीच्या घरातल्या चुलीपासून नवऱ्यापर्यंत सगळं गावाला ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. आणि मग देशोदेशीचे डॉक्टर आणि नर्स जामखेडला येऊन, लुगडं नेसलेल्या बायकांपुढे वही उघडून बसू लागले. त्या बायकांकडे रकाने आखलेली फाइल नव्हती, त्यामुळे विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात की नाही हे त्यांना बघूनच ठरवावं लागे.

असो. दुसरा विषय तंबाखू. हा विषय त्या मुलाला दिला होता, बहुधा तो 'डॉक्टर' म्हणून. त्याने तोंडाच्या कर्करोगाचे फोटो आणले होते. पहिल्या रांगेतल्या मुली दोन्ही हातांनी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होत्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, २००३ चा कायदा आहे. आमच्या फाट्यावरचा टपरीवाला कायदा मानणारा माणूस. त्याने टेप आणून अंतर मोजलं आणि टपरी एकशे एकाव्या यार्डाला हलवली. गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद. इतका बंद, की पावसाळ्यात शाळेची गटारं त्याच्या पुड्यांनी तुंबतात. भाषण ऐन रंगात आलं असताना मागे उभे असलेले एक शिक्षक हातावर काहीतरी मळत होते. कर्करोगाचा फोटो आला तसे ते थांबले, फोटो नीट पाहिला, गंभीरपणे मान हलवली, चुना झटकला आणि बार भरला. भाषण पटलं नाही असं अजिबात नाही. टाळ्याही त्यांनीच आधी वाजवल्या, त्याच हातांनी.

रक्ततपासणीच्या टेबलाशी मात्र नर्सिंगच्या मुलींनी जीव ओतला. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्रात हिमोग्लोबिनचा आकडा बघायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. हे कागदावर वाचताना काही वाटत नाही. रांगेत उभं राहिल्यावर आकड्यांना तोंडं फुटतात. मुलांनी त्याची लगेच मॅच केली. 'माझं साडेचौदा, तुझं?' 'तेरा आठ.' 'हरला!' मुलींच्या रांगेत आवाज नव्हता. कबड्डीच्या संघातली, तालुक्याला पोचलेली पोरगी नऊवर आली. ती टोचणारीला हळूच म्हणाली, 'ताई, घरी नका सांगू. कबड्डी बंद करतील.' रक्त कमी आहे म्हणून पोरीला काय खायला घालायचं, या प्रश्नाआधी तिचं काय बंद करायचं हा प्रश्न येतो, हे तिला नववीतच कळलं होतं.

मग गंमत झाली. ती कबड्डीवाली म्हणाली, 'तुमचं किती ताई?' टोचणारी हसली, टाळायला लागली. पोरी ऐकेनात. शेवटी तिने स्वतःचं बोट टोचलं. दहा पॉइंट दोन. काय आनंद झाला पोरींना! आतापर्यंत ती पांढऱ्या कपड्यांतली पाहुणी होती, आता आपल्यातली निघाली. पुढचा अर्धा तास लोहाच्या गोळीवर जे बोलणं झालं, ते कुठल्याच तक्त्यात बसणारं नव्हतं. आठवड्याला एक निळी गोळी शाळेत मिळते, आणि बऱ्याचशा गोळ्या मुतारीच्या मागे सापडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. का, ते आता बाहेर आलं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. शौचाला काळं होतं म्हणून एकीच्या आजीने घाबरून अंगारा लावला होता. आणि 'ह्या गोळ्यांनी पुढं पोरं होत नाहीत' असं कुणीतरी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं होतं. टोचणारी एकेक करून सांगत गेली. जेवल्यावर घ्या, रिकाम्या पोटी नको. काळं होणारच, लोह आहे ते, घाबरायचं नाही. वरून लिंबू पिळलेलं काहीतरी खा, चहा मात्र लगेच नको. आणि पोरं होत नाहीत म्हणणाऱ्याला म्हणावं, गरोदर बाईला तर रोज देतात. आणि मग खालच्या आवाजात, 'मीपण टाकूनच द्यायचे. आजपासून आपण सगळ्या घेऊ.' त्यांच्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी वही मिटलेली मी पाहिली.

दुपारी मुलींचं स्वतंत्र सत्र. त्यासाठी मुलांना मैदानावर हाकललं आणि 'आत काय चाललंय' हा विषय सोडून बाकी काहीही खेळायला सांगितलं. परिणामी दोन तासांत एकही चेंडू हलला नाही. सगळे क्षेत्ररक्षक हॉलच्या खिडकीकडे तोंड करून. २०१८ च्या महिला दिनी सरकारने 'अस्मिता' योजना काढली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट. आमच्या हायस्कुलात त्याच्याही पुढची सोय आहे. कुणा दात्याने यंत्र बसवून दिलंय. नाणं टाकलं की पॅड बाहेर. उद्घाटनाची रिबीन अजून त्याला आहे. यंत्र सुरक्षित राहावं म्हणून कुलूप, आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. म्हणजे ज्या मुलीला लागेल तिने वर्गशिक्षकांना सांगायचं, त्यांनी शिपायाला, शिपायाने सरांना, आणि सरांनी विचारायचं, 'कशासाठी?' यंत्र बसवल्यापासून ते एकदाही बिघडलेलं नाही, असं सर अभिमानाने सांगतात.

सत्र संपल्यावर नर्सिंगच्या मुलींनी बुटांचं एक खोकं फिरवलं, वर फट पाडलेलं. नाव न लिहिता प्रश्न टाका. मुलांनाही टाकायला दिलं. नर्सिंगच्या मुलींना वाटलं, दहा-बारा चिठ्ठ्या येतील. खोकं भरून झाकण वर आलं. आभारप्रदर्शनाआधी वेळ काढायला मुख्याध्यापकांनी उत्साहाने त्यातल्या चार चिठ्ठ्या स्वतःच मोठ्याने वाचायला घेतल्या. पहिली, 'उंची वाढवायला काय खावे?' दुसरी, 'नर्स व्हायला बारावीला किती टक्के लागतात आणि फी किती?' तिसरी, 'गुटखा बंद आहे तर आमच्या सरांना कुठून मिळतो?' हॉल क्षणभर चिडीचूप आणि मग छप्पर उडालं. ते मळणारे शिक्षक सगळ्यांत जोरात हसले, मग त्यांच्या लक्षात आलं. चौथी चिठ्ठी सरांनी मनातल्या मनात वाचली, घडी केली आणि खोक्यात परत टाकली. 'वेळेअभावी आपण इथेच थांबू.'

बस निघायच्या आधी मुली पायरीवर बसून चिठ्ठ्या चाळत होत्या, तेव्हा त्यांनी ती मला दाखवली. पेन्सिलीने लिहिली होती. 'आई ऊस तोडायला गेली आहे. तिची पाठ फार दुखते असा फोन आला. गोळी कोणती पाठवू.' उजळणीसाठी आणलेल्या कुठल्याच चार्टवर याचं उत्तर नव्हतं. शेवगावच्या मुलीने ती चिठ्ठी वेगळी काढून फाइलच्या खिशात ठेवली. मॅडम म्हणाल्या, 'हे कुठल्या उद्दिष्टाखाली घेणार?' मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मॅडमच म्हणाल्या, 'गुरुवारी फील्डला सुट्टी देते तुम्हाला. बघा.'

गुरुवारी पाचजणी आल्या. बॅनर नाही, बस नाही. वडापने, जीपच्या मागच्या फळीवर बसून. हेडक्लार्कना काही सुधरेना. त्यांनी चष्मा वर केला, गेटकडे पाहिलं, पुन्हा मुलींकडे पाहिलं.

'बॅनर?'

'नाही आणलं सर.'

'मग फोटो कशापुढं काढायचा?'

'फोटो नाही काढायचा. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं द्यायचीत. वर्गावर्गात जाऊन.'

हेडक्लार्कनी नाइलाजाने भेटीची नोंदवही पुढे सरकवली. नाव, संस्था, वेळ, भेटीचं कारण. शेवगावच्या मुलीने शेवटच्या रकान्यात 'प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी' असं लिहिलं. हेडक्लार्कनी ते वाचलं, पांढऱ्या शाईची बाटली काढली, ओळ खोडली आणि वही तिच्याकडे परत ढकलली.

'असं नका लिहू ताई, तपासणीला प्रश्न येतील. सदिच्छा भेट लिहा.'